सांताक्रूझ ७.४, कुलाबा ११.७, मग शेणव्यात किती?



थंडी पडली की आमच्या वर्गात सकाळचा एक वाद ठरलेला. एकजण वडिलांच्या मोबाईलवर बघून आलेला असतो, "सर, आज १६ आहे!" दुसरा दात वाजवत म्हणतो, "खोटं हाय, पाण्यात हात घालवत नव्हता." तापमानाचा पाठ इथूनच सुरू करा. पुस्तकातल्या व्याख्येला मुलं नंतर आपोआप येतात.

फळ्यावर एक तारीख लिहा: २२ जानेवारी १९६२. त्या दिवशी सांताक्रूझला ७.४ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, आणि कुलाब्याला ११.७. शहर एक, दिवस एक, तरी फरक चार अंशांहून जास्त! का? मुलांनाच विचारा. कुलाब्याला तीन बाजूंनी समुद्र. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, म्हणून तिथली रात्र उबदार. सांताक्रूझ त्या मानाने आत. आता नकाशावर बोट आणखी आत सरकवा, शहापूर, शेणवा, मुरबाड. समुद्र लांब राहिला, सह्याद्री जवळ आला.

आपल्याकडे हिवाळ्यात आकाश निरभ्र, हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडते आणि ती अडवायला वर ढगांची गोधडी नसते. शिवाय गार हवा जड. ती उतारावरून खाली येऊन भाताच्या खाचरांत साचते. म्हणून टेकाडावरच्या पाड्यापेक्षा ओहोळाकाठी जास्त हुडहुडी भरते. हे आमच्या मुलांना माहीत होतंच, कारण तेवढं माहीत नव्हतं.

घाटावरचे जुने आकडेही सांगा. पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये १.७, नाशिकला जानेवारी १९४५ मध्ये उणे ०.६. मुलं "बापरे" म्हणतात. हे आकडे आज सांगता येतात, कारण तेव्हा कोणीतरी रोज नेमाने लिहून ठेवले. मोबाईलवरचा आकडा मात्र बहुतेक वेळा गणिताने काढलेला अंदाज असतो. आपल्या अंगणात कोणी तापमापी लावलेली नसते.

मग आम्ही लावली. पहिल्यांदा मीच चुकलो, पत्र्याखालच्या भिंतीला खिळा ठोकला आणि भिंतीची ऊब मोजत बसलो. तापमापी सावलीत हवी, वारा खेळता हवा, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंच. हवामान खातं त्यासाठी झडपांची पांढरी पेटी वापरतं. सर्वांत कमी तापमान बहुधा सूर्योदयाच्या आसपास असतं, मध्यरात्री नव्हे. त्यामुळे शाळा भरल्यावर घेतलेली नोंद किमान तापमानाची नसते. किमान-कमाल तापमापी मिळाली तर उत्तम, नाहीतर शाळेजवळ राहणाऱ्या मुलाकडे ते काम द्या. पहाटे उठायला आमच्याकडे भांडणं लागली.

पालकांना एक विनंती. मोबाईलवर १६ दिसलं म्हणून पोराला नुसत्या सदऱ्यावर पाठवू नका. ओहोळ ओलांडून येणाऱ्याला कानटोपी द्याच. आणि घरातल्या आजी-आजोबांना विचारा, कोणत्या साली शेकोटी सकाळी उशिरापर्यंत विझली नव्हती? मुलं ते वहीत लिहून आणणार आहेत, तापमानाच्या रकान्याशेजारी वेगळ्या रकान्यात.