तिसऱ्या घंटेच्या आधी

गेली बावीस वर्षं मी सोलापुरात हौशी नाटकांचे दिवे करतो. पोट नोकरीवर चालतं, जीव दिव्यांत आहे. हुतात्मा स्मृती मंदिर, फडकुले सभागृह, शाळांची स्नेहसंमेलनं, गणपतीच्या मांडवातलं एखादं एकपात्री. जिथं वायर पोचते तिथं मी पोचतो. माझा भाचा चौदा वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. स्वतःत बुडालेल्याला बाहेरचं ऐकू येत नसतं. या पोराला बाहेरचं इतकं ऐकू येतं की त्याला ते सोसवत नाही. पण शब्द रुळलाय, आता कोण बदलणार?

तो सहा वर्षांचा असताना ताईनं त्याला एका बालनाट्याला नेलं. नाट्यगृहाचं नाव सांगत नाही. पहिल्या अंकात ब्लॅकआउट झाला, कडाड असा आवाज आला आणि हिरव्या झोतात चेटकीण प्रेक्षकांतून धावत निघाली. बाकीची पोरं मजेत किंचाळली. भाचाही किंचाळला, पण वेगळा, आणि थांबेचना. मागून कुणीतरी म्हणालं, “अहो, न्या की त्याला बाहेर.” ताई अंधारात एकाच पायात चप्पल घालून बाहेर पडली. दुसरी चप्पल प्रयोगानंतर मला एम रांगेत सापडली. तो ब्लॅकआउट मीच दिला होता.

त्यानंतरच्या आठ वर्षांत जे कळलं ते असं.

१. मोठ्या आवाजाचं काही नाही, न सांगता आलेल्या आवाजाचं आहे.

ताईचं घर पूर्व भागात. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग दिवसभर खडखडतात. पाहुणा दहा मिनिटांत कपाळ दाबून धरतो. भाचा त्या ठेक्यावर जेवतो, अभ्यास करतो, झोपतो. माग बंद पडला तर उलट दचकून उठतो. हाच पोरगा वाढदिवसाच्या घरात पाऊल टाकत नाही, कारण तिथं फुगे असतात आणि फुगा कधी फुटेल ते फुग्यालाही ठाऊक नसतं.

गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम तो गच्चीवरून बघतो. ते दरवर्षी संक्रांतीच्या दिवसांत, ठरल्या रात्री, होम मैदानाच्याच बाजूला होतं. त्याला ते पाठ आहे. एका वर्षी मात्र गल्लीत कुणीतरी मागच्या बाजूला एकच सुतळी बाँब लावला, तर तो दोन दिवस बोलला नाही.

आमच्या नाटकातला कडाड आवाज मग मी काढून टाकला का? नाही. तो आता हलका सुरू होऊन वाढत जातो. शिवाय प्रयोगाआधी एक नट पडद्यापुढं येऊन तो आवाज मुलांना ऐकवून दाखवतो. एका दिग्दर्शकानं कुरकुर केली, की गंमत जाते. जात नाही. काय येणार हे माहीत असून वाट बघण्यात वेगळी गंमत असते. नाहीतर ‘अलबत्या गलबत्या’ला तीच पोरं पुन्हा पुन्हा कशाला गेली असती?

२. दिवे बोलतात.

हे मला भाच्यानं शिकवलं आणि मला त्याची लाज वाटते, कारण हा माझा धंदा. तो दहा वर्षांचा असताना तालमीला आला. मी संध्याकाळचा प्रवेश लावत होतो, जुने हॅलोजन, डिमर तिसाच्या आसपास. तो कानावर हात ठेवून म्हणाला, “दिवा ओरडतोय.” मी म्हटलं, दिवा कुठं ओरडतो बे? मग सगळ्यांना गप्प केलं, पंखे बंद केले आणि ऐकलं. बारीक गुणगुण होती. डिमर विजेची लाट मधेच तोडून दिव्याला देतो, त्या धक्क्यानं आतली तार थरथरते आणि गाते. अर्ध्याच्या खालीवर जास्त. अठरा वर्षं मी त्या दिव्यांखाली उभा होतो.

ट्यूबलाइटचंही तसंच. जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. आपला डोळा ते सोडून देतो, काहींचा देत नाही. स्वस्तातले एलईडी पार कमी उजेडावर आणले की तेही फडफडतात. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा, पट्टे पळताना दिसतील. मी आता कुठल्याही सभागृहात गेलो की आधी मोबाईल वर धरतो. तिथले कर्मचारी मला फोटोवेडा समजतात.

अशा मुलांसाठीच्या आमच्या खास प्रयोगांचे माझे नियम थोडे आहेत. पूर्ण काळोख नाही. प्रेक्षागृहातले दिवे विझवायचे नाहीत, मंद ठेवायचे, माणसाला शेजारचा चेहरा आणि दार दिसेल इतके. स्ट्रोब नाही. झोत प्रेक्षकांच्या डोळ्यांत नाही. प्रवेश बदलताना उजेड उतरायला चार-पाच सेकंद घ्यायचे. ब्लॅकआउटशिवाय नाटक होत नाही असं मला वाटायचं. दशावतारात पेट्रोमॅक्स रात्रभर जळायचा, तिथं कुणी ब्लॅकआउट मागितला होता?

३. दार उघडं ठेवायचं, आणि दारात माणूस ठेवायचा.

सर्वांत मोठी गोष्ट ही, आणि हिला एक पैसा लागत नाही.

विलायतेत याला ‘रिलॅक्स्ड परफॉर्मन्स’ म्हणतात. आम्ही ‘मोकळा प्रयोग’ म्हणतो. प्रेक्षकानं उठावं, फिरावं, बाहेर जाऊन यावं, आवाज करावा, हात हलवावेत. कुणी वळून बघायचं नाही. न्यूयॉर्कला ‘द लायन किंग’चा असा पहिला प्रयोग ऑक्टोबर २०११ मध्ये झाला. एका संस्थेनं सगळी तिकिटं आधी विकत घेतली आणि ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरच्यांना सवलतीच्या दरात दिली. हे वाचून आमच्या मंडळातला एक जण म्हणाला, “अमेरिकेला सुचतं बघा.”

मी म्हटलं, अरे, तुझ्या आजीला विचार. गोंधळ अंगणात व्हायचा. कीर्तनात बाई मध्येच उठून दूध उतू गेलं का बघून यायची, पोर मांडीवर झोपायचं, म्हातारा मोठ्यानं ‘हं’ म्हणायचा. भारूड करणारा तर समोरच्यालाच खेळात ओढायचा. ज्याला सोसत नव्हतं तो लांब पारावर बसायचा, आणि तोही प्रेक्षकच होता. सगळ्यांनी काळोखात, तोंड पुढं करून, हुं की चूं न करता बसायचं ही रीत आपल्याकडं फार जुनी नाही. ती आली ती कमानीच्या रंगमंचाबरोबर, आणि तिथंही आपण ती कधी धड पाळली नाही. संगीत नाटकात पद रंगलं की रसिक ‘वन्स मोअर’ ओरडायचे आणि नट कथा तिथंच थांबवून पुन्हा गायचा. मेलेला माणूस उठून गायल्याचे किस्से आजही रंगवून सांगतात. तो रसिक ओरडला तर दाद, माझा भाचा ओरडला तर व्यत्यय! आवाज तोच, मोजमाप वेगळं.

दारातला माणूस मात्र नीट निवडावा लागतो. पहिल्या वेळी आम्ही एका उत्साही कार्यकर्त्याला उभं केलं. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला तो “काय झालं? बरं वाटत नाही का? पाणी देऊ?” असं विचारत सुटला. पुढच्या वेळी दारात माझी आत्या बसवली. ती कुणाला काही विचारत नाही, लसूण सोलत बसते. मुलं तिच्याशेजारी जाऊन बसतात आणि पुन्हा आत जातात.

४. आधी दाखवा.

प्रयोगाच्या आठ दिवस आधी आम्ही घरोघरी बारा फोटोंची पुस्तिका देतो. हे फाटक. ही पायरी. इथं तिकीट दाखवायचं. ही खुर्ची, बसताना खाली ओढायची, उठलं की आपोआप वर जाते आणि आवाज होतो. ही चेटकीण. ही चेटकीण मेकअपच्या आधी, चहा पिताना. ‘मध्यंतर’ म्हणजे नाटक संपलं नाही, हेही लिहावं लागतं. पहिल्या वर्षी दोन मुलं वडा खाऊन सरळ रिक्षात जाऊन बसली होती.

पहिल्या पुस्तिकेत माझी घोडचूक झाली. फोटो काढायला मी सकाळी गेलो, सभागृह मोकळं. प्रयोगाला भाचा दारात थांबला, पुस्तिका उघडली, फोटो बघितला, समोर बघितलं आणि म्हणाला, “हे ते नाही.” त्याचं बरोबर होतं. फोटोत खुर्च्या लाल होत्या, समोर माणसं होती. आत यायला त्यानं वीस मिनिटं घेतली. आता मी भरल्या सभागृहाचा फोटो काढतो.

५. आईला विचारू नका, “हा शांत बसेल ना?”

बस. एवढंच.

६. झाडाची भूमिका देऊ नका.

शाळेच्या नाटकात ‘अशा’ मुलाला झाड करतात. बोलायला नको, हलायला नको, आणि सगळ्यांना सामावून घेतल्याचं समाधान. भाच्यालाही एकदा झाड केलं. त्यानं दिग्दर्शकाला विचारलं, “कुठलं झाड?” उत्तर कुणाकडं नव्हतं, म्हणून तो झाला नाही.

आपल्या नाटक-सिनेमांनी अशा घरांकडं बघितलंच नाही असं मी म्हणणार नाही. जयवंत दळवींचं ‘नातीगोती’ हे नाटक आहे, १९९१ चा ‘चौकट राजा’ हा चित्रपट आहे. तो बघून माझी आई आठवडाभर गप्प होती. पण त्यांतली पात्रं गुणी नटांनी उभी केली. ज्याची गोष्ट, त्यानं ती करायची, ही पुढची पायरी. एका ऑटिस्टिक मुलाच्या नजरेतून सांगितलेल्या ‘द क्युरिअस इन्सिडेंट’ या इंग्रजी नाटकात ती भूमिका उघडपणे ऑटिस्टिक असलेल्या नटाला, मिकी रोला, अमेरिकेत २०१७ मध्ये मिळाली. नाटक लंडनला २०१२ पासून चालू होतं. आपल्याकडं २०२५ च्या ‘सितारे जमीन पर’ या चित्रपटात मेंदूची वेगळी घडण असलेल्या दहा जणांच्या भूमिका तशाच दहा जणांनी केल्या. राज्य सरकार दिव्यांग मुलांसाठी बालनाट्य स्पर्धा घेतं, ते चांगलं आहे. पण तिथून ही मुलं उरलेल्या नाटकांत कधी येणार, हा प्रश्न उरतोच.

भाच्याला नट व्हायचंच नव्हतं, हे कळायला आम्हाला तीन वर्षं लागली. त्याला माझा डिमर बोर्ड हवा होता. दिला. लगेच कुणी ‘अफाट बुद्धी असते हो अशा मुलांना’ म्हणू नका. पहिल्याच प्रयोगात घोटाळा झाला. मी क्यूशीटवर लिहून दिलं होतं: ‘आता मी निघतो’ या वाक्यावर दिवे उतरव. नट म्हणाला, “चला, येतो मी.” भाचा वाट बघत राहिला. नट दारापर्यंत गेला, परत आला, खुर्चीला हात लावला, पुन्हा म्हणाला, “येतो हं.” प्रेक्षक हसायला लागले. मी विंगेतून हात हलवतोय आणि भाचा संहितेवर बोट ठेवून बसलाय. प्रयोगानंतर नट चिडला. भाचा त्याला म्हणाला, “वाक्य पाठ करा की.” बावीस वर्षांत ही हिंमत माझी झाली नव्हती.

त्यानंतर आम्ही क्यू आकड्यावर नेले. मी हेडफोनवर “सतरा” म्हणतो, तो सतरा देतो. असं म्हणतात की ही सोय त्याच्यासाठी केली. खरं तर चुका सगळ्यांच्याच कमी झाल्या.

७. कायद्याची झेरॉक्स खिशात असू द्या, पण आधी काढू नका.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांच्या यादीत ऑटिझम आहे, आणि कलम २९ सांस्कृतिक जीवन व करमणूक यांच्यावरच आहे. सुरुवातीला आयोजकांपुढं मी हेच ठेवायचो. ते मान हलवायचे आणि चहा मागवायचे. आता म्हणतो, “शेवटच्या दोन रांगा आणि एक दार द्या, बाकी मी बघतो.” लगेच मिळतात. कानांवर लावायचे मफ कारखान्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानातून आणले. बाजूच्या खोलीत एक सोलापुरी चादर अंथरली की शांत खोली तयार. अंगावर जड चादर ओढून बसलं की काही मुलांना बरं वाटतं, आणि जड चादरीला या गावात काय तोटा?

वेगळा प्रयोग करावा की नेहमीच्याच प्रयोगात जागा करावी यावर आमच्यात भांडणं आहेत. माझं मत: सुरुवात वेगळ्यानं करा. पहिल्या मोकळ्या प्रयोगाला अकरा घरं आली. त्यातले एक आजोबा सांगत होते की सून-मुलगा बारा वर्षांत एकत्र नाटकाला गेले नव्हते. एकानं जायचं, एकानं घरी राहायचं. त्यांना आधी एकदा तरी, कुणी मान वळवून न बघता, नाटक बघू द्या. पण दहा वर्षांनीही वेगळाच प्रयोग करत बसलो, तर आपण फक्त नवं कुंपण घातलं.

८. ऐकीव नियम त्यांच्यावर लादू नका.

कुठंतरी वाचलं की टाळ्यांचा कडकडाट या मुलांना सोसत नाही, म्हणून हात वर करून नुसते हलवायचे. गेल्या वर्षीच्या मोकळ्या प्रयोगाला आम्ही तसं आधीच सांगितलं. शेवटचा क्यू झाला, भाच्यानं पाच सेकंद घेऊन दिवे उतरवले, पुन्हा चढवले. नट ओळीनं उभे राहिले. सगळ्या सभागृहानं शहाण्यासारखे हात वर केले आणि हलवले, शेतातल्या कणसांसारखे. अगदी चिडीचूप.

भाच्यानं बोर्डावरचा हात काढला, खुर्ची मागं सारून उभा राहिला आणि एकट्यानं कडाकडा टाळ्या वाजवायला लागला. मी खुणेनं ‘हळू’ म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि वाजवतच राहिला.