मुलाच्या गळ्यातील नळी : घरी धुणे आणि पुन्हा वापरणे

ज्या घरात लहान मुलाच्या गळ्याला छिद्र करून श्वासाची नळी बसविलेली आहे, त्या घरातील आईची झोप कशी असते हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. अशा मुलाच्या रडण्याला बहुधा आवाज नसतो. श्वास नळीतूनच आत-बाहेर होतो, स्वरयंत्रापर्यंत तो फारसा पोचत नाही. त्यामुळे मूल कितीही रडले तरी शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही. नळी कफाने बंद होऊ लागली तरी त्याला हाक मारता येत नाही. म्हणून अशी आई कानाने नव्हे, डोळ्याने जागी असते. प्रस्तुत लेख तिच्यासाठी आणि तिला मदत करणाऱ्या आजी, मावशी, आत्या यांच्यासाठी आहे. आमच्यापैकी काहींनी परिचारिका म्हणून नोकरी केली, काहींनी घरोघरी जाऊन अशी मुले पाहिली. त्या अनुभवातून हे लिहीत आहोत.

आपल्याकडील वृद्ध मंडळींना घटसर्प आठवत असेल. घशात पडदा धरून मूल गुदमरायचे. अशाच रोगात फ्रान्समधील ब्रेतोनो नावाच्या डॉक्टरांनी १८२५ साली एका मुलीच्या गळ्याला छिद्र करून तिचा जीव वाचविला होता. पुढे लसीमुळे घटसर्प पुष्कळ कमी झाला, पण नळीची गरज संपली नाही. जन्मतःच श्वासमार्ग अरुंद असणे, काचेच्या पेटीत व व्हेंटिलेटरवर फार दिवस राहिल्याने श्वासनलिका आकसणे, स्वरयंत्रात चामखिळीसारख्या गाठी वारंवार येणे, मज्जातंतूंचे दुखणे, अशा कारणांनी आज मुलांना नळी लागते, आणि ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे राहते. आपल्या वऱ्हाडातील बरीच कुटुंबे या शस्त्रक्रियेसाठी नागपूर गाठतात. तेथून सुट्टी झाली, बडनेऱ्याला किंवा अकोल्याला गाडीतून उतरले, की त्यापुढे घर हाच वॉर्ड आणि आई हीच परिचारिका.

आता मुख्य प्रश्न. नळीच्या पाकिटावर पुष्कळदा 'एकदाच वापरासाठी' असे छापलेले असते. नळी तर बहुतेक मुलांची आठवड्याला, कधी त्याहून लवकर किंवा उशिरा, बदलावी लागते. दर वेळी नवी आणणे मजुरीवर जगणाऱ्या घराला कसे परवडावे? मग नळी धुऊन पुन्हा वापरली जाते. एका घरी तर हे डॉक्टरांपासून दोन वर्षे लपवून ठेवलेले आम्हांला आढळले. रागावतील, गावंढळ म्हणतील, ही भीती. आमचे स्पष्ट मत असे की यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सिलिकॉनच्या काही नळ्या तर त्याच मुलासाठी स्वच्छ करून पुन्हा वापरण्याकरिताच बनविल्या जातात, आणि श्रीमंत देशांतील आई-बापही त्या घरी धुतात. धोका लपविण्यात आहे. नळी किती वेळा वापरली हे डॉक्टरांना ठाऊक नसेल तर ती कधी टाकायची हे ते सांगणार कसे?

पहिली गोष्ट, आपल्या मुलाची नळी कशाची आहे हे विचारून घ्यावे, कारण सगळ्या नळ्या एका पद्धतीने धुता येत नाहीत. साधी प्लास्टिकची म्हणजे पीव्हीसीची नळी अंगाच्या उबेने मऊ होते, तीच उकळत्या पाण्यात टाकली की आकार सोडते. "उकळली तं वाकडीच झाली ना वो ताई!" असे म्हणत अकोट भागातील एका आजीने आम्हांला अशी नळी दाखविली होती. त्यांनी जंतू मरावेत म्हणूनच उकळली होती. दोष त्यांचा नव्हता, सुट्टीच्या दिवशी घाईघाईत कोणी सांगितलेच नव्हते. पीव्हीसीची नळी कोमट साबणपाण्यानेच धुवावी. ती दिवसेंदिवस कडक होत जाते. कडक नळी आत टोचते, म्हणून तिचे आयुष्य थोडे, बऱ्याच कंपन्या महिन्याच्या आतच मर्यादा घालतात.

सिलिकॉनची नळी मऊ राहते आणि उष्णता सोसते, पण महाग असते. तिच्यासोबतच्या पत्रकात मुभा असेल तर धुतल्यावर असे करतात : भांड्यात पाणी खळखळ उकळावे, गॅस बंद करावा, मग नळी त्यात सोडून झाकण ठेवावे आणि हात घालण्याइतके पाणी निवल्यावर काढावी. चालू गॅसवर तळाला टेकू देऊ नये. तिसरी धातूची, चांदी, जर्मन सिल्व्हर किंवा स्टीलची. तिला बाहेरची व आतली असे दोन भाग असतात. आतला भाग दिवसातून काही वेळा काढून धुता येतो, बाहेरचा जागेवर राहतो. ही मोठी सोय आहे. धातूची नळी धुऊन दहा मिनिटे उकळता येते. लहान बाळांच्या प्लास्टिकच्या नळीला मात्र बहुधा आतला भाग नसतो, कारण मुळात भोकच तीन-चार मिलिमीटरचे. म्हणूनच ती कफाने लवकर भरते आणि अख्खी बदलावी लागते.

धुण्याची रीत सांगतो. हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत. काढलेली नळी वाळू देऊ नये. वाळलेला कफ डिंकासारखा बसतो. ताबडतोब साध्या पाण्याने खळखळून, मग भांडी धुण्याच्या सौम्य, बिनवासाच्या साबणाच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावी. रात्रभर भिजत टाकू नये. आतून साफ करायला त्या मापाचा मऊ ब्रश किंवा पिळलेली गॉजची पट्टी आरपार ओढावी. तारेचा ब्रश, सुई, काडी कधीही नाही. आत ओरखडा पडला की त्यात जंतूंचा चिकट थर बसतो आणि तो पुढे साबणाने निघत नाही. मग वाहत्या पाण्याखाली साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवावी आणि शेवटचे खळखळणे उकळून निवविलेल्या पाण्याने करावे. नळी उजेडाकडे धरून आरपार पाहावी. भोक गोल आणि मोकळे दिसले पाहिजे.

येथे आपल्या भागाची एक अडचण आहे, ती शहरातल्या पुस्तकांत सापडत नाही. पूर्णेच्या काठची अमरावती, अकोला, बुलढाण्याची कितीतरी गावे खारपाणपट्ट्यात येतात. तेथील विहिरीचे, बोअरचे पाणी उकळले तर जंतू मरतात, पण क्षार कमी होत नाहीत. पाणी आटते तसे ते वाढतातच. भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, तोच थर नळीच्या आत धरतो, आणि खरखरीत जागेवर कफ अडकतो. म्हणून निदान शेवटच्या धुण्यासाठी धरणाचे नळाचे पाणी किंवा शुद्ध केलेल्या पाण्याचा जार वापरावा, तोही उकळूनच. एक-दोन लिटर पाण्याचे काम आहे.

वाळविणे ही पायरी लोक सोडून देतात, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. ओल्या, बंद डबीत जंतू वाढतात. नळी झटकून, स्वच्छ धुतलेल्या सुती कापडावर सावलीत, वर दुसरे पातळ कापड टाकून पूर्ण कोरडी करावी. मग झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या डब्यात ठेवावी. डब्यावर माप आणि मुलाचे नाव चिकटवावे. एका मुलाची नळी दुसऱ्याला देऊ नये, मग ती भावाची असो की शेजारच्या वॉर्डात ओळख झालेल्या गरीब मुलाची. दया म्हणून दिलेल्या अशा नळीने रोगही दिला जातो.

डेटॉल, फिनाईल, स्पिरिट, ब्लीचिंगचे पाणी यांत नळी बुडवून 'निर्जंतुक' करणारी घरे आम्ही पाहिली. असले औषध नळीला थोडे जरी राहिले तरी ते थेट श्वासनलिकेच्या नाजूक अस्तराला लागते, आणि प्लास्टिक व धातू दोन्ही खराब होतात. हायड्रोजन पेरॉक्साईड डॉक्टरांनी सांगितले तरच, त्यांनी सांगितले तितके पातळ करून वापरावे, आणि फेस पूर्ण जाईपर्यंत धुवावे. तेलाविषयी विशेष सांगावेसे वाटते. नळी सहज सरकावी म्हणून खोबरेल, तूप किंवा व्हॅसलीन लावतात. तेल फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो, आणि तो लवकर बरा होत नाही. लावायचेच तर पाण्यात विरघळणारी औषधी जेली अगदी थोडी, नाहीतर उकळून निवविलेल्या पाण्याचा थेंब पुरतो.

नळी पुन्हा वापरायची तर ती टाकायची कधी हेही ठरलेले हवे. प्रत्येक वेळी धुतल्यावर गळ्यावर बसणारी पट्टी बोटांनी हलकेच वाकवून, नळी जेथे पट्टीला जोडलेली आहे ती जागा नीट पाहावी. नळी तुटते ती बहुधा तेथेच. तुटलेली नळी श्वासनलिकेत घसरल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९६० सालीच झाली आणि त्यानंतर भारतातूनही अशा अनेक नोंदी आल्या. त्यांत वर्षानुवर्षे न बदललेल्या धातूच्या नळ्या पुष्कळ आहेत. वारंवार उकळणे आणि कफाचा ओलावा यांनी सांध्याची झाळ कमजोर होते. चीर, डाग, कडकपणा, खरखरीत टोक, सैल सांधा यांपैकी काहीही दिसले तर ती नळी टाकून द्यावी. 'आणखी एक आठवडा काढू' असे म्हणू नये. नवी नळी सुरू केली ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी, आणि प्रत्येक धुण्याला तेथे एक रेघ ओढावी. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही रेघा मोजता येतात.

आपला मुलूख कापसाचा. घरात कापूस साठविलेला असतो, शेजारी जिनिंग असते, गोधडी-गाद्या पिंजल्या जातात. नळीच्या मुलाला यांपासून दूर ठेवावे, कारण नाकाची चाळणी त्याच्या श्वासाला नाही. रुईचा तंतू सरळ आत जातो. याच कारणाने नळी पुसायला किंवा छिद्राभोवती साफ करायला कापसाचा बोळा घेऊ नये आणि गॉज कात्रीने कापून सुटे धागे असलेला भाग गळ्याला लावू नये. अगरबत्ती, चूल, बिडी यांच्या धुराचेही तसेच. वैशाख-ज्येष्ठात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा कोरड्या हवेने कफ सुकून नळीत खपली धरते. डॉक्टरांनी दिलेले ओलावा राखणारे टोपण नसेल तर मऊ, धागे न सुटणारे पातळ कापड ओले करून, पिळून, नळीपुढे सैल बांधावे. कूलरची हवा गार व दमट असते हे खरे, पण टाकीतले पाणी आठ-आठ दिवस तेच असेल तर तिच्यातून जंतूच येतात. टाकी घासून पाणी बदलावे आणि झोत मुलाच्या गळ्यावर घेऊ नये.

नळी बदलताना दोन माणसे असावीत, दोघांनाही रुग्णालयात प्रत्यक्ष शिकविलेले असावे. पहिला बदल नेहमी डॉक्टरांनीच करायचा. मूल उपाशी पोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावे, खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी द्यावी, आणि नवी नळी फीत ओवून, आतल्या दांडीसह हातात तयार असल्याशिवाय जुनी काढू नये. नळी आत जाताच दांडी काढावी. ती आत असेपर्यंत मुलाचा श्वास बंद असतो. फीत बांधल्यावर तिच्याखाली एक बोट जाईल इतकीच सैल ठेवावी.

मूल अस्वस्थ झाले, नाकपुड्या फुगू लागल्या, गळ्याखालचा खड्डा आत ओढला जाऊ लागला, ओठ काळे-निळे दिसू लागले, तर आधी सक्शनने कफ ओढावा, एका वेळी पाच ते दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. नळी सक्शनला वाटच देत नसेल तर दवाखान्याची वाट पाहू नये, नळी तेथेच बदलावी. तीच जात नसेल तर एक नंबर लहान नळी घालावी. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ला फोन करावा आणि 'मुलाच्या गळ्यात नळी आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगावे. यासाठी एक पिशवी खुंटीला कायम टांगलेली असावी : धुऊन कोरडी केलेली त्याच मापाची नळी, एक नंबर लहान नळी, फीत, कात्री, टॉवेल, आणि भारनियमनात चालणारे पायाचे सक्शन. मूल अंगणवाडीत गेले तर पिशवी अंगणवाडीत, बाजाराला गेले तर बाजारात. अकोट भागातल्या त्या आजीने पिशवी तांबड्या कापडाची शिवली आहे, रात्री चिमणीच्या उजेडातही दिसावी म्हणून.