विजेवरील मोटारीची बॅटरी : नाव एक, वाण निराळे

एकाच नावाचे बियाणे दोन ठिकाणांहून आणले, तर दोन्हींची उगवण सारखी होईलच असे नाही, हा अनुभव शेतकरी बंधूंना नवा नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बॅटरीसही हीच गोष्ट लागू पडते. मोटारीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीचा असल्यामुळे तिचा वाण ओळखल्याशिवाय पैसा गुंतवणे हिताचे नाही.

बॅटरी म्हणजे अनेक सेल जोडून केलेला संच होय. तिची साठवणशक्ती किलोवॉट-तासांत मोजतात. एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजमीटरवरील एक युनिट. चाकण येथे तयार होणारी महिंद्र कंपनीची बीई ६ ही मोटार २०२४ मध्ये ५९ व ७९ किलोवॉट-तासांच्या दोन बॅटऱ्यांसह बाजारात आली. १०० किलोमीटरला १५ युनिटे लागतात असे धरल्यास पहिलीवर सुमारे ३९० व दुसरीवर सुमारे ५२५ किलोमीटर जाता येईल. चढ, ओझे व वेग वाढल्यास हे अंतर घटते.

दुसरा भेद सेलच्या रसायनाचा. टेस्ला कंपनीच्या मॉडेल ३ या मोटारीचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत २०१७ पासून तयार झालेल्या या मोटारींत पॅनासॉनिकचे निकेलयुक्त सेल होते. २०२० मध्ये चीनमधील शांघाय येथे तयार झालेल्या कमी पल्ल्याच्या मोटारींत सीएटीएल या कंपनीचे लिथियम लोह फॉस्फेटचे सेल बसविण्यात आले. मोटारीचे नाव मात्र एकच राहिले.

निकेलयुक्त सेल तितक्याच वजनात अधिक वीज साठवितात. लोह फॉस्फेटचे सेल जड पडतात. परंतु ते उष्णता अधिक सोसतात आणि अधिक वेळा भरता येतात.

वाणानुसार निगाही बदलते. लोह फॉस्फेटच्या सेलचा दाब बराच काळ जवळजवळ स्थिर राहतो. त्यामुळे शिल्लक विजेचा अंदाज चुकू शकतो व मोटार वाटेतच थांबण्याचा संभव असतो. हा अंदाज पुन्हा बरोबर यावा म्हणून टेस्लाने अशी बॅटरी आठवड्यातून एकदा पूर्ण भरण्यास सांगितले होते. उलट, निकेलयुक्त बॅटरी रोज काठोकाठ भरून उन्हात उभी ठेवल्यास लवकर झिजते. नित्याच्या वापरास ती सुमारे ८० टक्के भरणे पुरेसे असते. शेजाऱ्याचे पाहून आपली बॅटरी भरू नये, ते यासाठीच.

ग्रामसेवकांनी खरेदीदारास पुढील माहिती लेखी घेण्यास सांगावे :

१. बॅटरी किती किलोवॉट-तासांची आहे?
२. सेल कोणत्या रसायनाचे व कोणत्या कंपनीचे आहेत? केवळ कंपनीच्या नावावर विसंबू नये. सीएटीएल दोन्ही प्रकारचे सेल बनविते.
३. हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची आणि किती टक्के शक्ती टिकण्याची आहे?
४. मोटार जुनी असल्यास हमी नव्या मालकास मिळते काय?

ही चार उत्तरे हाती आल्यावरच इसार द्यावा, आणि मोटारीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच बॅटरी भरावी.