कागदाचें बीज

उन्हाळ्यांत वावळाच्या झाडाखालून जातांना पातळ, वाटोळ्या चकत्यांचा सडा पडलेला दिसतो. मोठीं माणसें त्यास कचरा म्हणतात. परंतु एक चकती उचलून उजेडापुढें धरावी. मध्यें बीज व सभोंवार कागदासारखा पंख स्पष्ट दिसतो. "हा पंख कशासाठीं?" असें पांच-सहा वर्षांच्या मुलानें विचारलें, तर आईबापांनीं उत्तराची घाई करूं नये. त्याच्या हातीं कागदच द्यावा. जर्मनींत फ्रोबेल यांनीं १८३७ मध्यें लहान मुलांची शाळा काढली, तींत कागद दुमडण्यास व कातरण्यास मुद्दाम स्थान दिलें होतें.

जुन्या वहीच्या कागदाची १२ सेंटिमीटर लांब व ४ सेंटिमीटर रुंद अशी पट्टी घ्यावी. वरच्या टोंकापासून निम्म्यापर्यंत मधोमध उभा छेद द्यावा. झालेल्या दोन कानांपैकीं एक आपल्याकडे व दुसरा पलीकडे दुमडावा. खालच्या भागाच्या दोन्ही कडा आंत दुमडून तो अरुंद करावा व त्याचें टोंक वर मुडपावें, म्हणजे तेथें वजन येतें. (टाचणी लहान मुलांजवळ नको.) आतां हें बीज उंचावरून सोडावें. क्षणभर तें सरळ पडतें, आणि मग गरगर फिरत सावकाश उतरतें.

पुष्कळांचें पहिलें बीज मुळींच फिरत नाहीं, कारण दोन्ही कान एकाच बाजूस दुमडलेले असतात. ही चूक मुलासच शोधूं द्यावी. एकदां न राहवून मीं एका लहानग्याचें बीज नीट करून दिलें. तें उत्तम फिरलें, पण तो तें तेथेंच टाकून दुसऱ्या खेळास लागला. तें आतां त्याचें राहिलें नव्हतें.

पडतांना हवा दोन्ही कानांस खालून रेटते. कान विरुद्ध बाजूंस असल्यामुळें सबंध कागद फिरूं लागतो. कानांची अदलाबदल केली कीं फेराही उलटा होतो. तेवढ्याच कागदाचा बोळा करून बरोबर सोडल्यास तो आधीं जमिनीवर पोंचतो. बीज जितका वेळ हवेंत राहील तितका वेळ वाऱ्यास मिळतो. आणि आईच्या दाट सावलींत पडलेल्या रोपट्यास ऊन व पाणी पुरेसें मिळणें कठीण असतें. सह्याद्रीच्या रानांतील माधवीलतेच्या फळास तीन पंख असतात, मधला लांब व बाजूचे आखूड. तेंही असेंच फिरत उतरतें.

वावळाच्या चकतीस मात्र असे कान नाहींत. ती फिरते कीं नुसती तरंगते, हें पाहण्यास मुलासह पुनः त्याच झाडाखालीं जावें. कात्री घरीं असूं द्यावी, कागदाचें बीज खिशांत असावें.