डॉक्टरांची चिठ्ठी आता ई-मेलने

‘डॉक्टरसाहेब, मोठ्या डॉक्टरांना एक चिठ्ठी द्या,’ ही मागणी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या कोणालाही नवी नाही. मीही अशा पुष्कळ चिठ्ठ्या लिहितो. पण चिठ्ठी खिशात भिजते, घरी विसरते, आणि डॉक्टरांचे अक्षर तर सर्वांना ठाऊकच आहे! हा केवळ विनोदाचा विषय नाही. इन्सुलिनच्या ‘४ यू’मधील इंग्रजी यू शून्यासारखा दिसला, तर ४ युनिटऐवजी ४० युनिट दिले जाण्याचा धोका असतो.

म्हणून अनेक डॉक्टर आता एकमेकांना ई-मेलने कळवतात. मजकूर स्वच्छ वाचता येतो. रक्ततपासणीचे अहवाल, ईसीजी, एक्स-रेचा फोटो सोबत जोडता येतो. तज्ज्ञ ऑपरेशनमध्ये असले तरी नंतर सवडीने वाचून उत्तर देतात आणि दोघांकडेही नोंद राहते.

ही सोय किती उपयोगी पडते, याचे उदाहरण बांगलादेशात आहे. ढाक्याजवळील सावर येथे पाठीच्या कण्याच्या दुखापतीने लुळ्या पडलेल्या रुग्णांचे पुनर्वसन केंद्र आहे. ब्रिटनमधील स्विनफेन चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने १९९९ पासून तेथील डॉक्टर डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढून ई-मेलने परदेशातील तज्ज्ञांचा सल्ला घेऊ लागले. रुग्णाला विमानात बसवावे लागले नाही.

आपल्या देशातही २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका डॉक्टरला दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला ई-मेलने घेता येतो. मात्र उपचाराची जबाबदारी रुग्ण ज्याच्या हाताखाली आहे त्या डॉक्टरचीच राहते.

आता धोक्याची बाजू पाहू. ई-मेल पाठवला म्हणजे तो वाचला गेला, असे नव्हे. समजा, मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम साडेसहाच्या वर गेले. अशा वेळी हृदयाचे ठोके बिघडून काही तासांतही प्राणावर बेतू शकते. हा अहवाल शनिवारी रात्री ई-मेलने गेला आणि सोमवारी उघडला गेला, तर त्याचा काय उपयोग? म्हणून माझे मत स्पष्ट आहे. तातडीचे असेल ते फोनवरच सांगावे. ई-मेल त्यामागून पुराव्यासाठी पाठवावा. आणि ज्याला मिळाला त्याने ‘मिळाला, पाहिला’ एवढे दोन शब्द तरी उलट कळवावेत.

दुसरा धोका गुप्ततेचा. पत्त्यातील एक अक्षर चुकले, तरी एचआयव्ही, मानसिक आजार किंवा गर्भपाताची माहिती भलत्याच्याच हाती पडते. म्हणून विषयाच्या ओळीत रुग्णाचे नाव वा आजार लिहू नये, अहवालाला पासवर्ड लावावा आणि तो फोनवर सांगावा.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे :

१) डॉक्टरांनी ई-मेल केला तरी त्याची छापील प्रत मागून घ्या व फाइलमध्ये ठेवा.

२) तज्ज्ञांकडे गेल्यावर ‘आमच्या डॉक्टरांचे पत्र पाहिलेत का?’ असे न संकोचता विचारा.

३) सुरू असलेल्या सर्व गोळ्या आणि ॲलर्जी स्वतः सांगा. पत्रात असेलच, असे गृहीत धरू नका.

४) तपासणीचा अहवाल ठरल्या दिवशी कळला नाही, तर ‘सगळे ठीक असेल’ असे समजून घरी बसू नका, फोन करा.

५) छातीत दुखणे, धाप लागणे, बेशुद्धी यांसाठी उत्तराची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

६) आपल्या उपचारांची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यावीत, असे वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. तो आपला हक्क आहे.

साधन कोणतेही असो, चिठ्ठी, फोन की ई-मेल, निरोप योग्य माणसाला वेळेत समजला तरच रुग्णाच्या कामी येतो. तो समजला की नाही, याची खात्री डॉक्टरांनी करावी आणि रुग्णानेही विचारून घ्यावी.