परदेशी जाताना : पैशाचा व्यवहार आणि सावधगिरी

मित्रांनो, फायनल इयर जवळ आलं की आपल्याला सगळे एकच विचारतात, "प्लेसमेंट का एम. एस.?" एम. एस. म्हणणारे परीक्षा, व्हिसा, एज्युकेशन लोन या सगळ्याची तयारी करतात. पण तिकडं उतरल्यावर पैसे कोणाला द्यायचे, कसे द्यायचे आणि चुकून दिले तर परत मिळतात का, याची तयारी कोणीच करत नाही. म्हणून हा लेख.

सेलूचा माझा मावसभाऊ २०२३ मध्ये जर्मनीला शिकायला गेला. तिकडं विद्यार्थ्यांना रूम मिळणं फार अवघड. त्याने परभणीत बसूनच इंटरनेटवर एक रूम बघितली. फोटो छान, भाडं कमी. मालक म्हणाला, "मी सध्या स्पेनमध्ये असतो. डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल." दादाने ८५० युरो पाठवले आणि पासपोर्टचा फोटोही पाठवला. किल्ली आलीच नाही. दादा हुशार आहे, बोर्डात मेरिटला होता. मग फसला कसा?

माहिती नसणे हेच भांडवल

आपल्या गावात कोणी म्हणालं, "खोली बघायची नाही, आधी पैसे द्या", तर आपण हसू. कारण इथली रीत आपल्याला माहीत आहे. नव्या देशात रीतच माहीत नसते. सरकारी ऑफिस फोन करतं की पत्र पाठवतं, डिपॉझिट कधी देतात, काहीच ठाऊक नसतं. वाटतं, इथं असंच असेल.

याचं मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि ७०० हून जास्त लोकांना ताब्यात घेतलं. त्यात बहुतेक आपल्यासारखी तरुण मुलं होती. ती अमेरिकेत फोन करून सांगत, "आम्ही टॅक्स खात्यातून बोलतोय. तुमचा टॅक्स थकलाय, आत्ता भरा नाहीतर अटक होईल." पैसे गिफ्ट कार्डाने घेत. लोकांनी दुकानातून कार्ड आणायचं आणि त्याचा नंबर फोनवर वाचून दाखवायचा. अशाच धंद्यातल्या, अहमदाबादच्या कॉल सेंटरांशी जोडलेल्या खटल्यात अमेरिकेच्या कोर्टाने जुलै २०१८ मध्ये २१ जणांना शिक्षा सुनावल्या, जास्तीत जास्त २० वर्षांची. त्या टोळीने इमिग्रेशन अधिकारी बनूनही लोकांना घाबरवलं होतं. नवीन आलेल्या माणसाला "देशाबाहेर काढू" म्हटलं की त्याचे हातपाय गळतात.

खरं म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं आधी पोस्टाने पत्र पाठवतं, आणि कोणतंच सरकार गिफ्ट कार्डाने पैसे घेत नाही. स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरवरही विश्वास ठेवू नका. २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासाचाच नंबर दाखवून फसवणुकीचे फोन झाले होते.

रिव्हर्सिबल आणि इररिव्हर्सिबल

थर्मोडायनॅमिक्समध्ये आपण हे शिकतो, पण पैशालाही ते लागू पडतं. समोरचा खरा की खोटा हे फोनवर ओळखता येत नाही. पण हा व्यवहार उलटा फिरवता येतो का, हे नक्की कळतं.

१) गिफ्ट कार्ड, क्रिप्टो, वेस्टर्न युनियनसारखी रोख पाठवणी : समोरच्याने उचलले की पैसे गेल्यातच जमा.

२) बँक ट्रान्सफर : जवळजवळ इररिव्हर्सिबल. युरोपमध्ये इन्स्टंट ट्रान्सफर १० सेकंदांत पोचतो. ऑक्टोबर २०२५ पासून युरो चलनाच्या देशांत पैसे पाठवण्याआधी नाव आणि खाते नंबर जुळतो का, हे बँकेला दाखवावं लागतं. जुळत नाही असा मेसेज आला तर तिथंच थांबा.

३) क्रेडिट कार्ड आणि डायरेक्ट डेबिट : इथं परतीची वाट आहे. कार्डवर तक्रार करता येते. युरोपात खात्यातून डायरेक्ट डेबिटने कापलेले पैसे ८ आठवड्यांत कारण न सांगता परत मागता येतात.

४) चेक : हा सर्वात फसवा. अमेरिकेत चेक भरला की एक-दोन दिवसांत खात्यात पैसे दिसतात, पण तो नंतर, अगदी काही आठवड्यांनीही, बाउन्स होऊ शकतो. "चुकून जास्त रकमेचा चेक दिला, वरचे परत पाठवा" असं कोणी म्हणालं तर समजून जा. तुम्ही परत केलेले पैसे खरे असतात, चेक खोटा असतो.

म्हणजे जो माणूस इररिव्हर्सिबल रस्त्यानेच पैसे मागतो आणि वर घाईही करतो, त्याला नाही म्हणायचं. तो खरा असला तरी आपलं काही बिघडत नाही, दुसरी रूम मिळेल.

जायच्या आधी हे करा

ज्या देशात जाणार तिथला डिपॉझिटचा नियम वाचा. जर्मनीत डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असतं, ते तीन हप्त्यांत देता येतं आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. हे दादाला माहीत असतं तर? पहिले काही दिवस हॉस्टेल किंवा सीनियरकडे काढा. खोली स्वतः बघा, नाहीतर तिथल्या ओळखीच्या कोणाला तरी पाठवा. आपलं बँक खातं कोणालाही "दोन दिवस वापरायला" देऊ नका. त्यातून चोरीचा पैसा फिरला तर पोलीस तुमच्याकडे येतील.

आणि फसलातच तर? त्याच तासात बँकेला फोन करा, पोलिसात तक्रार द्या. पैसे भारतातल्या खात्यातून गेले असतील तर घरच्यांना १९३० वर फोन करायला सांगा.

दादाने यातलं काहीच केलं नाही. मावशी-काकांनी शेतावर कर्ज काढून त्याला पाठवलं होतं, म्हणून त्याला सांगायची लाज वाटली. चार महिने तो मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपला आणि व्हिडिओ कॉलवर मित्राचीच खोली आपली म्हणून दाखवत राहिला. दिवाळीला मावशीने सहज विचारलं, "तुझ्या पलंगावर रोज दुसराच कोण बसलेला असतो रे?" तेव्हा तो रडला. काका एवढंच म्हणाले, "त्याच दिवशी सांगितलं असतं तर बँकेत तरी विचारलं असतं."

तेव्हा मित्रांनो, बॅगेत लोणचं आणि प्रेशर कुकर भरताना हेही सोबत न्या. पैसे पाठवण्याआधी एक फोन घरी, आणि चूक झाली तर पहिला फोनही घरीच.