वैद्यक की व्यवसाय? परदेशी शिक्षणाचा खानदेशातील प्रश्न

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील तहसील कचेऱ्यांत उत्पन्नाचे व अधिवासाचे दाखले मागणाऱ्या पालकांची रीघ लागते. त्यांतील काहींची मुले वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी निघालेली असतात आणि त्यासाठी कपाशीच्या किंवा केळीच्या शेताचा तुकडा विक्रीस काढलेला असतो. अशा वेळी पालक प्रथम सल्ला विचारतो तो गावच्या शिक्षकाला अथवा सरपंचाला. मुलाने डॉक्टर व्हावे की व्यापार-उद्योगाचे शिक्षण घ्यावे, या प्रश्नाची नियमांची बाजू या मंडळींना ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

ही निवड वस्तुतः अकरावीतच होते. वैद्यकाच्या प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय लागतात. विज्ञान शाखेचा विद्यार्थी पुढे वाणिज्य वा व्यवस्थापनाकडे वळू शकतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याची वैद्यकाची वाट मात्र जवळजवळ बंद होते. म्हणून हुशार मुलाला डोळे मिटून विज्ञानाकडे पाठविले जाते. यात तथ्य आहे. पण ज्याचा ओढा हिशेबाकडे व देवघेवीकडे आहे, त्याची दोन-तीन वर्षे ‘नीट’ परीक्षेच्या तयारीत जातात, ही किंमत कोणी धरीत नाही.

घरची सोय पूर्वीपेक्षा वाढली आहे. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या जोडीला २०१८ मध्ये जळगाव व २०२० मध्ये नंदुरबार येथे शासकीय महाविद्यालये सुरू झाली. तथापि या जागा खानदेशच्या मुलांसाठी राखीव नाहीत. प्रादेशिक विभागणीचे ‘७०:३०’ सूत्र शासनाने २०२० मध्ये रद्द केले; तेव्हापासून राज्याच्या कोट्यातील प्रवेश संपूर्ण राज्याच्या गुणवत्ता यादीनुसार होतात. शासकीय जागा थोडक्यात हुकते, खाजगी महाविद्यालयाचे शुल्क परवडत नाही, आणि मग परदेशाचा विचार सुरू होतो.

येथे नियम नीट वाचावयास हवेत. परदेशी वैद्यकीय शिक्षणासाठीही ‘नीट’ उत्तीर्ण होण्याची अट २०१८ पासून लागू आहे. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी नवे विनियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो. तो एकाच संस्थेत पूर्ण करावयाचा, तेथेच १२ महिन्यांची आंतरवासिता करावयाची आणि भारतात परतल्यावर पुन्हा १२ महिन्यांची. प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत हे सर्व आटोपले पाहिजे. शिवाय ज्या देशाची पदवी, त्या देशात तेथील नागरिकाप्रमाणे व्यवसाय करण्याचा परवाना मिळण्यास विद्यार्थी पात्र असला पाहिजे. अनेक पालक अडखळतात ते या शेवटच्या अटीशी. कारण पदवी आणि परवाना या भिन्न गोष्टी आहेत हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. आयोग परदेशी महाविद्यालयांची मान्यताप्राप्त यादी काढीत नाही, तेव्हा ‘आयोगाच्या यादीतील महाविद्यालय’ असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून सावध राहावे.

परतल्यावर चाळणी परीक्षा असते. तीनशे गुणांपैकी दीडशे मिळविणे आवश्यक. ही अट वरकरणी सोपी वाटते. पण जून २०२४ च्या परीक्षेत बसलेल्या पाच उमेदवारांपैकी सरासरी चार अनुत्तीर्ण झाले. उत्तीर्ण होईपर्यंत पदवीधराला येथे डॉक्टर म्हणून व्यवसाय करता येत नाही. आणि संकट आल्यास काय होते, हे २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने दाखविले. हजारो विद्यार्थी सुखरूप परत आणले गेले. मात्र त्यांना भारतीय महाविद्यालयांत सामावून घेण्याची तरतूद कायद्यात नव्हती.

अमेरिकेची रीत आणखी निराळी आहे. तेथे आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचे वैद्यक. त्यातही पुष्कळ वैद्यकीय महाविद्यालये परदेशी नागरिकांना प्रवेशच देत नाहीत. तेथे पदवीसाठी जाणाऱ्याने वैद्यकाचा मार्ग केवळ लांबलेला नसून अनिश्चितही आहे, हे जाणून पाऊल टाकावे.

व्यवसाय-शिक्षणाचे तसे नाही. त्याच्या पदवीनंतर परवान्याची परीक्षा नसते. तसेच नोकरीची अथवा नफ्याची हमीही नसते. परंतु खानदेशात हा मार्ग ‘उरलेल्यां’चा मानण्याचे कारण नाही. डाळ गिरण्या, सोन्याची पेठ, चटई व प्लॅस्टिक नळ्यांचे कारखाने यांवर जळगावचा मोठा व्यवहार उभा आहे. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) वाणिज्य व कायद्याचे पदवीधर होते. १९६३ मध्ये त्यांनी रॉकेलच्या विक्रीपासून आरंभ केला आणि पुढे ठिबक सिंचनाचा उद्योग जगभर नेला. हा उद्योगसमूह २०१९ मध्ये कर्जफेडीच्या अडचणीत आला व २०२२ मध्ये त्याच्या कर्जाची पुनर्रचना झाली, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे; व्यवसायातील जोखीम त्यावरून कळते.

परदेशी जाण्याच्या वेळेचाही येथे फरक पडतो. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून पदवी घेऊन, दोन वर्षे एखाद्या पेढीत काम करून मग बाहेर जाता येते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासक्रमांसाठीच आहे, बारावीनंतर परदेशात एम.बी.बी.एस.साठी जाणाऱ्याला तिचा आधार नाही.

मग कर्ज उरते. साडेसात लाख रुपयांवरील शैक्षणिक कर्जास बँका सामान्यतः तारण मागतात, आणि शेतजमीन तारण घेण्यास त्या बहुधा राजी नसतात. त्यामुळेच शेत विकण्याची किंवा सावकाराकडे जाण्याची पाळी येते. सातबाऱ्यावरील नाव बदलण्यापूर्वी पालकाने चार कागद मागवावेत: माध्यम व कालावधी यांविषयी विद्यापीठाचे लेखी पत्र, आंतरवासितेची लेखी हमी, त्या देशातील परवान्याचे नियम आणि सहाही वर्षांचा खर्चाचा तक्ता. हे कागद वाचण्यास गावातील शाळेचा एखादा शिक्षक तासभर पालकाजवळ बसला, तरी पुष्कळ काम होते.